वाऱ्याची ठेव
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी गौरवाची भाषणे पुष्कळ होतात. मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. माझ्या पदरी जे आहे तेच आपणांपुढे ठेवतो. आज मला स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या गीया नावाच्या एका चिमुकल्या बेटाविषयी आणि तेथील पवनचक्क्यांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

हे बेट पिढ्यान्‌पिढ्या एकेका जमीनदाराच्या मालकीचे होते. मार्च २००२ मध्ये रहिवाशांनी ट्रस्ट स्थापून ते सुमारे ४० लाख पौंडांस विकत घेतले. बराचसा पैसा सार्वजनिक निधीतून मिळाला. परंतु त्यापैकी १० लाख पौंड दोन वर्षांत परत करावयाचे होते. मालकी हाती आली आणि तिच्याबरोबर मोडकळीस आलेली घरेही पदरात पडली. दुरुस्तीस पैसा कोठून आणावयाचा? पुन्हा झोळी पसरावयाची काय? बेटावर एक वस्तू मात्र मुबलक होती. ती म्हणजे वारा.

त्यांनी इंग्लंडमधून तीन वापरलेल्या पवनचक्क्या आणल्या. प्रत्येकीची क्षमता २२५ किलोवॉट आणि पात्यांच्या वर्तुळाचा व्यास २७ मीटर. अनुदान, कर्ज व भागभांडवल यांची सांगड घालून खर्च भागविला. २००४-०५ च्या हिवाळ्यात त्यांची वीज सार्वजनिक वाहिनीत जाऊ लागली. लोकांनी आपल्या गेलिक भाषेत चक्क्यांची नावे ठेवली. त्यांचा अर्थ श्रद्धा, आशा आणि परोपकार!

येथे थोडे विज्ञान सांगितले पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणून मोकळी, वाऱ्याची जागा निवडणे हेच पहिले काम. उलट वारा मंदावला की वीजही घटते. या तिन्ही चक्क्या वर्षभर अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालल्या असत्या, तर सुमारे ५९ लाख युनिट वीज मिळाली असती. प्रत्यक्षात अपेक्षा होती ती वर्षाकाठी २० लाखांच्या आसपास. वारा हा दाता खरा, पण लहरी दाता. म्हणून सार्वजनिक वाहिनीची जोड त्यास लागतेच. तथापि जितकी वीज वारा देतो, तितका कोळसा वा वायू जाळावा लागत नाही, हा लाभ सर्वांचाच आहे.

आता मुख्य मुद्दा. चक्क्यांचे सारे उत्पन्न लागलीच घरांवर खर्चून टाकावे, असे त्यांनी ठरविले नाही. जुनी यंत्रे फार काळ टिकणार नाहीत हे ओळखून कर्जफेड, देखभाल आणि नव्या यंत्रासाठी राखीव निधी यांची तरतूद आधी केली. उरेल ते घरदुरुस्तीसारख्या कामास. २०१३ मध्ये ३३० किलोवॉटची चौथी चक्की उभी राहिली. तेव्हा मुख्य भूमीकडे वीज नेणारी केबल अपुरी आहे, ही नवी अडचण पुढे आली. अडचणी संपत नाहीत. पण बेट ओस पडले नाही. २००१ च्या जनगणनेत तेथे ११० माणसे होती, २०११ मध्ये १६३ झाली.

माझ्या पूर्वीच्या एका शाळेस एका दात्याने पाण्याचा पंप दिला होता. फलक लागला, हारतुरे झाले. पुढे मोटार जळाली आणि ती बांधून घेण्यास पैसे नव्हते. फलक चकचकीत राहिला आणि मुले घरून पाणी आणू लागली. त्या पंपाने मला जे शिकविले, तेच गीयाच्या लोकांनी यंत्र आणतानाच ओळखले होते.

वक्फाची जमीन असो की देवस्थानाचे इनाम, मूळ ठेव राखावी आणि उत्पन्नातून धर्मकार्य करावे, हा विचार आपणांस नवा नाही. गीयाच्या लोकांनी वाऱ्याची ठेव केली, इतकेच. विश्वस्तांस माझी नम्र विनंती अशी की, या महोत्सवाच्या निधीतून आपण जे काही उभाराल, त्याच्या पहिल्याच अंदाजपत्रकात दुरुस्तीचे खाते घाला. फलकाचे पाहता येईल मागाहून.