पाण्यावरचं वज्रासन: माझ्या मापाचा नीबोर्ड कोण बनवणार?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली अडखळ थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर्फिंग करतोस हे कळलं, पण फोटोत तू उभा का नाहीयेस?" तर आज तेच सांगतो. आणि त्या फोटोतला बोर्ड मिळवायला मला दीड वर्ष आणि दोन बोर्डांचे पैसे का लागले, तेही.

फोटोत आहे तो नीबोर्ड. लाटेवर गुडघे टेकून, टाचांवर बसून जायचं. म्हणजे सरळ सरळ वज्रासन. आईला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन जेवणानंतर बसतात तसंच बसलास होय रे?" आता यावर काय बोलणार.

एक खुलासा आधीच करतो. मोटरबोटीच्या मागे दोरी धरून, मांड्यांवर पट्टा आवळून ओढत नेतात, त्यालाही नीबोर्डच म्हणतात. हा तो नव्हे. इथे दोरी नाही, पट्टा नाही. हातांनी वल्हवायचं, पायात पोहण्याचे फिन असतात त्यांनी लाथा मारायच्या, लाट पकडायची आणि गुडघ्यांवर यायचं.

मी राहतो सॅन डिएगोला. इथे आल्यावर सगळे करतात तसं मीही फोमचा मोठा बोर्ड भाड्याने घेऊन शिकायला गेलो. उभं राहताना हात टेकून एका झटक्यात पाय छातीखाली आणायचे असतात. मी दर वेळी गुडघ्यांवरच अडकायचो. शिकवणारा किनाऱ्यावरून ओरडायचा, गुडघे नको, गुडघे नको. नवशिक्यांची ही सगळ्यात कॉमन चूक आहे म्हणे. असाच एकदा अडकलेला असताना साठी उलटलेले एक काका पाण्यात माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "आवडतंय ना तिथे? मग तिथेच राहा की." त्यांनी त्यांचा बोर्ड मला दहा मिनिटं वापरायला दिला. डोळे पाण्यापासून दोन-अडीच फुटांवर. वेग तोच असतो हो, पण दुप्पट वाटतो. लाटेची भिंत खांद्याच्या शेजारून वर जाताना दिसते. त्या दिवसानंतर मी उभं राहण्याचा नाद सोडला.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढची अडचण कळणार नाही. जॉर्ज ग्रीनो हा सांता बार्बराचा माणूस, गुडघ्यांवर बसून सर्फिंग करणारा. त्याने साठच्या दशकात स्वतःसाठी चमच्यासारखा खोलगट, लवचिक बोर्ड बनवला आणि त्याला माशाच्या शेपटीवरून सुचलेला, वाकणारा अरुंद फिन लावला. १९६६ साली इथे सॅन डिएगोतच जागतिक स्पर्धा झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने जिंकली, आणि त्याच्या बोर्डाला ग्रीनोच्या पद्धतीचा फिन होता. नंतर सगळ्यांचे बोर्ड आखूड होत गेले, त्यामागे ग्रीनोचा मोठा हात आहे. दुसरा माणूस स्टीव्ह लिस. हा तर सॅन डिएगोचाच. १९६७ च्या सुमाराला त्याने आखूड, रुंद, मागून माशाच्या शेपटीसारखा दुभागलेला बोर्ड काढला. आज जगभर उभे राहणारे लोक 'फिश' म्हणून जो बोर्ड मिरवतात, तो मुळात नीबोर्ड होता! दुकानात कुणी फिश घेताना दिसला की मला हे सांगायचा मोह होतो. सांगतोही. लोक 'हो का' म्हणून पुढे जातात.

तर कल्पना आमच्याकडून गेल्या, पण गिऱ्हाईक उभे राहणाऱ्यांकडे. गुडघ्यांवरचे लोक थोडेच उरले, त्यामुळे त्यांच्यासाठी बोर्ड घडवणारे शेपरही थोडेच. दुकानात तयार नीबोर्ड जवळपास मिळतच नाही. बनवूनच घ्यावा लागतो.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी तीन पानांचं डॉक्युमेंट लिहिलं. लांबी ५ फूट १० इंच, रुंदी २३ इंच, जाडी अडीच इंचाच्या वर थोडी, माझ्या वजनाला व्हॉल्यूम किती लिटर हवा, सगळं. खाली तक्ता. ते घेऊन एका शेपरकडे गेलो, ज्याचे नेहमीचे बोर्ड खरंच उत्तम असतात. त्याने त्याच्याकडची फाइल उघडली, माझे आकडे भरले, मशीनने फोम कापला, महिन्याभरात बोर्ड हातात. मी टेप लावून तपासला. एकही आकडा चुकला नव्हता.

आणि बोर्ड बेकार होता.

का, ते कळायला मला चार महिने लागले. पहिली गोष्ट, वरचा भाग मध्ये किंचित फुगीर होता. उभ्या माणसाच्या तळव्याला ते चालतं. गुडघे मात्र ओल्या उतारावर ठेवल्यासारखे दोन्हीकडे घसरत राहतात. दुसरी गोष्ट, रुंदी २३ इंच होती ती मध्यावर. मी बसणार मागच्या अर्ध्यात, आणि तिथे बोर्ड झपाट्याने निमुळता झालेला. माझी पावलं काठाबाहेर लटकायची, फिन पाण्यात ओढले जायचे, म्हणजे ब्रेक लावूनच गाडी चालवायची. तिसरी सगळ्यात वाईट. बोर्ड तळाकडून पाहिलात तर पुढे आणि मागे वर उचललेला असतो, त्याला रॉकर म्हणतात. उभा माणूस पाय पुढे-मागे सरकवून वजन हलवतो. बसलेला माणूस हलत नाही. त्याचं वजन एकाच जागी, तेही मागे. तिथे वळण जास्त असलं की शेपूट रुतते आणि नाक आकाशाकडे. सायकलच्या कॅरिअरवर जड माणूस बसवल्यावर होतं तसं.

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट पास, प्रोग्रॅम चुकीचा. आणि दोष शेपरचा नव्हता बरं का. मला जे मोजता येत होतं तेवढंच मी लिहून दिलं होतं. त्याने ते तंतोतंत केलं. तो बोर्ड अजून गॅरेजमध्ये आहे, त्यावर मी टॉवेल वाळत घालतो.

मग दुसऱ्यांदा शोध सुरू केला. इंटरनेटवर शोधलं की ते मोटरबोटवालेच येतात. शेवटी किनाऱ्यावर फिरून शोधलं. नीबोर्डवाला दिसला की थांबायचं, ओळख काढायची आणि विचारायचं, बोर्ड उलटा करून बघू का? फोमच्या मधोमध लाकडाची पट्टी असते, तिच्याशेजारी शेपर पेन्सिलने सही आणि मापं लिहितो आणि त्यावर काचेचा थर चढतो. ती सही वाचायची. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न मला उशिरा सुचला: या माणसाकडून घेतलेला हा तुमचा कितवा बोर्ड? पहिला म्हणाले तर धन्यवाद म्हणून पुढे. चौथा म्हणाले की नाव टिपून घ्यायचं.

अशी तीन नावं निघाली. एकाने मेसेजला उत्तर दिलं, 'उंची, वजन सांगा, पैसे पाठवा.' मी पळालो. दुसरा ऑस्ट्रेलियात. तिकडे नीबोर्डवाले इथल्यापेक्षा बरेच टिकून आहेत. माणूस छान, लांबलचक ईमेल लिहायचा, पण बोर्डाएवढाच खर्च पाठवणीचा. तिसरा इथून उत्तरेला तासाभरावर. स्वतः गुडघ्यांवर सर्फिंग करतो, वय एकाहत्तर. फोनवर त्याने आकडे विचारलेच नाहीत. म्हणाला, "टाचांवर किती वेळ बसू शकतोस?"

गेलो. गॅरेजच्या जमिनीवर त्याने खाकी कागद पसरला आणि म्हणाला, "बस." बसलो. तो पेन्सिल शोधायला आत गेला, मग चष्मा शोधायला गेला, आला तेव्हा मी तसाच. त्याला वाटलं मी कळ सोसतोय. मी सांगितलं, रोज जेवणानंतर आजोबांबरोबर असाच बसायचो, शाळेत योगाच्या तासालाही हेच. तो वाकून माझे घोटे बघायला लागला. त्याची बरीचशी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची; गुडघे पूर्ण मिटत नाहीत, टाचांवर भार टाकवत नाही, त्यामुळे ती उंच बसतात, पुढे झुकून. माझं बूड टाचांवर पूर्ण टेकतं, म्हणजे वजन खाली आणि दोन-तीन इंच मागे. त्याने कागदावर माझे गुडघे, नडग्या, बोटं यांची रेघ काढली आणि स्वतःचा नेहमीचा साचा त्यावर ठेवून पाहिला. मग म्हणाला, "हा नाही चालणार." बोर्डाची सगळ्यात रुंद जागा मागे सरकली, चार फिन आले आणि तेही त्याच हिशोबाने सरकले. माझ्या तीन पानांच्या डॉक्युमेंटमध्ये या बसण्याबद्दल एक ओळ नव्हती.

थांबावं लागलं चार महिने. घडवताना मात्र मला बघू दिलं. ती खोली बघण्यासारखी असते. भिंती गडद रंगाच्या आणि ट्यूबलाइट छताला नाही, दोन्ही बाजूंना बोर्डाच्या उंचीवर. उजेड आडवा पडला की फोमवरचा बारीकसा उंचवटासुद्धा सावली टाकतो. तो प्लेनर लावून लांब लांब हात मारायचा, थांबायचा, चष्मा काढायचा आणि तळव्याने चाचपायचा. लाकडाची पट्टी फोमपेक्षा कडक, म्हणून तिच्यासाठी वेगळा छोटा रंधा, सुताराकडे असतो तसा. वरचा भाग त्याने सपाट ठेवला. गुडघ्यांच्या दाबाने खड्डे पडतात म्हणून तिथे काचेच्या कापडाचा एक थर जास्त. पैसे पहिल्या बोर्डापेक्षा अडीचशे डॉलर जास्त गेले. वरचं मऊ पॅड वेगळं.

पहिल्या दिवशी लाटाच नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात कमरेएवढी लाट आली, मी बसलो, उजवीकडे झुकलो आणि बोर्डाची कड पाण्यात धरून राहिली. घसरली नाही. पावलं बोर्डावरच होती. मी इतका दचकलो की वळण पूर्ण करायचं राहूनच गेलं आणि पडलो.

आता खरी गोष्ट. त्याच्या भिंतीवर हार्डबोर्डचे पंचवीस-तीस साचे टांगलेत, प्रत्येकावर पेन्सिलने कुणाचं तरी नाव. त्यातले काही जण आता हयात नाहीत. याचा उजवा खांदा दुखतो, वर्षाला मोजकेच बोर्ड घेतो, हाताखाली शिकणारं कुणी नाही. मी म्हटलं, एका शनिवार-रविवारात सगळ्यांचे फोटो काढून डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये फाइली करून देतो. तो म्हणाला, "बाहेरची रेघ मिळेल तुला. रॉकर कुठे आहे यात? कड कुठे आहे?" खरंच होतं. ते साच्यात नसतंच, ते तो प्लेनर हातात घेतल्यावर ठरवतो. त्याने एकच साचा नेऊ दिला. माझा.

मी हट्टाने पुढे गेलो. तयार बोर्डाचाच थ्रीडी स्कॅन केला, दर सहा इंचांवरचे छेद कागदावर छापले आणि त्याच्याकडे नेऊन दिले. त्याने चष्मा लावला, बराच वेळ पाहत बसला, मग पेन्सिलने दोन ठिकाणी गोल केले. म्हणाला, "इथे मी जास्त काढलंय. इथेही. पुढच्या बोर्डात राहू दे." मी विचारलं, बाकीचे छेद बघून आणखी कुठे खुणा करशील का? म्हणाला, पुढच्या शनिवारी ये, आणि दुसऱ्या कुणाचा तरी बोर्डही घेऊन ये.

ते काका आठवतात, ज्यांनी दहा मिनिटं बोर्ड दिला होता? त्यांचा बोर्ड मागितलाय. हो म्हणालेत. चला, भेटू पुढच्या भागात.