एक नाव, अनेक बांधण्या



एकाच देखाव्याची शेजारशेजारची छायाचित्रे जोडावयाची, तर सांधा दिसता कामा नये. हे कार्य साधणारी ‘एनब्लेंड’ ही संगणकप्रणाली अँड्र्यू मिहाल यांनी २००४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली केली. बर्ट व अ‍ॅडेलसन यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत हा तिचा पाया होय : ठळक छटा रुंद पट्ट्यात, तर बारीक तपशील अरुंद पट्ट्यात मिसळावयाचे.

नवशिक्याची अडचण मात्र निराळीच असते. एकाच नावाखाली या प्रणालीच्या अनेक बांधण्या आढळतात. ४.० या आवृत्तीच्या काळी एक बांधणी चित्राचा काही भाग डिस्कवर ठेवी; मेमरी तोकडी असली तरी मोठे चित्र पुरे होई, पण सावकाश. दुसरी ‘ओपनएमपी’च्या साहाय्याने प्रोसेसरचे सर्व गाभे एकदम राबवी, काम झपाट्याने होई, पण मेमरी भरपूर लागे. दोन्ही सोयी एकत्र मिळत नसत. हा भेद कोठे लिहिलेला नसला, की काम अर्ध्यावर थांबते आणि नवशिका स्वतःलाच दोष देतो.

म्हणून प्रत्येक बांधणीसोबत साध्या भाषेतील नोंद हवी : ती कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या सोयींसह आणि किती मेमरीवर चालते. आवृत्ती विचारणाऱ्या आज्ञेला ‘व्हर्बोज’ हा पर्याय जोडल्यास प्रणाली स्वतःच आपल्या सोयी सांगते, हेही त्या नोंदीत असावे.

मुक्त स्रोताचे दार सर्वांस उघडे आहे. त्याच्या उंबरठ्यावर दिवा ठेवणे हे जाणत्यांचे कर्तव्य आहे.