वऱ्हाडची खंजेरी

वऱ्हाडात गावोगावी बाप पेटीवर, लेक टाळावर, शेजारचा दोस्त ढोलकीवर बसतो. खंजेरीवर थाप पडली की भजन रंगतं. घरच्यांचा नि मित्रांचा हा मेळ, विजेशिवाय घुमणारा. त्याला वळण दिलं अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. खंजेरी म्हणजे लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कडेला झांजा. एवढ्याशा वाद्यावर त्यांनी ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि स्वातंत्र्याची हाक घरोघर पोचवली. १९४२ मध्ये तुरुंगवासही सोसला. १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेत गेले. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज तर एकटेच सात खंजेऱ्या वाजवतात! हे भजन ऐकायचंच असेल, तर तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात नक्की जा.