‘ओव्हरटेक’ : गाठणे की मागे टाकणे?

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघालेल्या एका मोटारीला अपघात झाला असून साक्षीदाराचा इंग्रजी जबाब मराठीत उतरवावयाचा आहे, अशी कल्पना करावी. ट्रकने मोटारीला ‘ओव्हरटेक’ केले, एवढेच साक्षीदार सांगतो. भाषांतरकाराने ‘गाठले’ असे लिहिले, तर ट्रक मोटारीच्या मागोमाग येऊन पोहोचला, एवढाच बोध होतो; ‘मागे टाकले’ असे लिहिले, तर तो शेजारून पुढे निघून गेला, असे ठरते. दोष कोणाच्या माथी बसावा, हे एवढ्याशा फरकावर अवलंबून राहू शकते.

हा घोटाळा भाषांतरकाराच्या अज्ञानातून उत्पन्न होत नाही. तो त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. त्यातील ‘टेक’ हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला. ‘ओव्हरटेक’चा जुना अर्थ पाठलाग करून गाठणे असा होता. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात याकोब सासऱ्याला न सांगता निघून जातो. लाबान सात दिवस मजल मारून गिलादच्या डोंगरात त्याला ‘ओव्हरटेक’ करतो. तेथे दोघांचे कडाक्याचे भांडण होते आणि शेवटी करारही होतो. लाबानाने जावयाला ‘मागे टाकले’ असे भाषांतर केले, तर ही भेटच घडणार नाही आणि कथेचा सारा ओघ तुटेल.

पुढे जाण्याचा अर्थ आज रूढ झाला आहे. ब्रिटनमधील व भारतातील वाहनचालक ज्या क्रियेला ‘ओव्हरटेक’ म्हणतात, तिला अमेरिकेत बहुधा ‘पास’ म्हणतात. आकड्यांच्या शर्यतीतही हाच अर्थ चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकले; तेथे इंग्रजी वृत्तपत्रांनी हेच क्रियापद वापरले.

तिसरी छटा सर्वांत गंभीर आहे. रात्र, वादळ, संकट किंवा मृत्यू माणसाला ‘ओव्हरटेक’ करतात, तेव्हा शर्यत नसते. बेसावध असताना पडलेली झडप असते. येथे मराठीला उसने शब्द शोधावे लागत नाहीत. वाटसरूला पावसाने वाटेत गाठले, मृत्यूने ऐन उमेदीत गाठले, असे मराठी माणूस सहज बोलतो. मात्र एखादा निर्णय घटनांनी ‘ओव्हरटेक’ केला, असे इंग्रजी वाक्य आल्यास शब्दाला शब्द ठेवू नये. परिस्थिती पुढे गेली आणि निर्णय शिळा झाला, असे सरळ लिहावे.

समानार्थी शब्दांतही तारतम्य हवे. ‘कॅच अप’ म्हणजे बरोबरीला येणे. पुढे जाणे त्यात गृहीत नाही. आजारपणात बुडालेला अभ्यास विद्यार्थी भरून काढतो, तेथेही हाच प्रयोग होतो. ‘आउटस्ट्रिप’मध्ये वेगाने किंवा प्रमाणाने वरचढ होणे आहे, मागणी पुरवठ्याला मागे टाकते, ती अशी. ‘सरपास’ बहुधा गुणांविषयी योजतात; शिष्य गुरूहून सरस ठरतो, तेव्हा तो शोभतो. आणि ‘टेक ओव्हर’ हा प्रयोग दिसण्यात जवळचा असला, तरी अर्थाने दूरचा आहे. एका कंपनीने दुसरीला मागे टाकणे वेगळे आणि तिचा ताबा घेणे वेगळे.

म्हणून कोशातील पहिला प्रतिशब्द उचलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : मागून येणारा शेवटी कोठे आहे? बरोबरीला असेल तर ‘गाठले’, पुढे असेल तर ‘मागे टाकले’, आणि अंगावर कोसळला असेल तर पुन्हा ‘गाठले’च. एवढी दक्षता घेतली, तर साक्षीदाराचा जबाब बिघडणार नाही आणि लाबानाची जावयाशी भेटही चुकणार नाही.