आराखडा कोणाचा, जोखीम कोणाची?

वाशीच्या खाडीकांठीं सायंकाळीं उभ्या राहिलेल्या मनुष्यास पाण्यावरून जाणाऱ्या मार्गांची एक मालिकाच दिसते. १९७३ सालीं या खाडीवर रस्त्याचा पहिला पूल खुला झाला. १९९२ सालीं मानखुर्दहून आगगाडी खाडी ओलांडून वाशीस आली. पुढें रस्त्याचा दुसरा पूल झाला, आणि अलीकडे त्यांच्या जोडीस आणखी नवे पूल आले. पुलावरून जाणारा प्रवासी घड्याळाकडे पाहतो, फार तर भरती-ओहोटीकडे पाहतो. पण पायाखालच्या खांबाचा आराखडा कोणीं काढला, आणि तो चुकला असतां भरपाई कोणीं करावयाची, हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. वस्तुतः पूल बांधण्यापूर्वीं कागदावर सोडवावयाचा पहिला प्रश्न हाच होय.

खाडीवरील पहिल्या पुलाची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. काँक्रीटच्या अंगांत पोलादी तारा ताणून बसविण्याच्या पद्धतीनें तो बांधलेला होता. त्या तारांस गंज चढला, मोठ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि जड वाहनांवर निर्बंध घालावे लागले. गोव्यांतील मांडवी नदीवरचा पूल तर अशाच गंजामुळें ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला. अशा आपत्तींत बहुधा तीन बोटें तीन दिशांस वळतात. आराखडा काढणारा म्हणतो, तारांभोंवतीं सिमेंटचा रस नीट भरला गेला नाहीं. बांधणारा म्हणतो, नकाशांत दाखविलें तसेंच केलें. मालक म्हणतो, दोघांसही पैसे पुरते मोजले आहेत. तिघांच्याही म्हणण्यांत कांहीं तथ्य असूं शकतें. पूल मात्र बंद राहतो.

घर बांधणाऱ्या एखाद्या गृहस्थाचें उदाहरण घेतलें म्हणजे या वादाचें मूळ ध्यानांत येतें. गृहस्थानें स्वतः नकाशा करवून घेतला आणि तो गवंड्याच्या हातीं दिला, तर नकाशाबरहुकूम बांधलेल्या घरांत जिना अरुंद झाल्याचा दोष गवंड्यावर ठेवतां येत नाहीं. उलट, ‘पांच माणसांस पुरेल आणि पावसांत गळणार नाहीं असें घर बांधून द्या’ एवढेंच सांगितलें, तर घर गळल्यावर बांधणारास कोणतीही सबब सांगतां येत नाहीं. हे दोन्ही मार्ग सरळ आहेत. खरी अडचण तिसऱ्या मार्गांत आहे. गृहस्थ म्हणतो, सर्व जबाबदारी तुमची. आणि रोज सकाळीं येऊन तुळई बारीक करा, खिडकी इकडे सरकवा, असेंही सांगतो. मग घर खचलें म्हणजे चूक कोणाची? मोठमोठ्या कामांतील पुष्कळसे तंटे याच तिसऱ्या मार्गावर जन्मास येतात.

महाराष्ट्रांत पहिला मार्ग बोरघाटाच्या लोहमार्गावर पाहावयास मिळतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं मार्ग आंखला आणि बांधणी कंत्राटानें दिली. पहिल्या कंत्राटदारानें १८५९ सालीं काम सोडलें. मागून आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षीं मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट पुढें चालविलें. १८६३ सालीं घाट खुला झाला. पण १८६७ सालीं घाटांतील महू-की-मली येथील कमानींचा पूल कोसळला, आणि कंपनीच्या इतर पुलांची दगडी बांधणीही तपासून पाहण्याची पाळी आली. आराखडा मालकाचा, हात कंत्राटदाराचा आणि देखरेख पुन्हां मालकाची, अशी ती व्यवस्था होती. कामाची नुसती वांटणी करून भागत नाहीं; वांटणीच्या सीमेवर जागता पहारा लागतो, हें त्या पडलेल्या कमानींनीं शिकविलें.

एका देशाचें कर्ज, दुसऱ्या देशाचा कंत्राटदार आणि तिसऱ्या देशाची भूमि असा संयोग होऊं लागला, तेव्हां सर्वांस मान्य असे करारनामे आवश्यक झाले. सल्लागार इंजिनियरांची ‘फिडिक’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९१३ सालीं स्थापन झाली, आणि १९५७ सालीं तिनें बांधकामाच्या कराराचा नमुना प्रसिद्ध केला. तिच्या करारांची ओळख त्यांच्या वेष्टनांच्या रंगांवरून पटते. १९९९ च्या आवृत्तींतील तांबड्या पुस्तकांत आराखडा मुख्यत्वें मालकाचा असतो. पिवळ्यांत मालक आपल्या गरजा लिहून देतो आणि आराखडा कंत्राटदार करतो. मालकाच्या कागदांतील जी चूक अनुभवी कंत्राटदारास योग्य काळजी घेऊनही निविदा भरतांना दिसली नसती, तिचा भार मात्र मालकावर राहतो. रुपेरी पुस्तकांत याहूनही अधिक भार कंत्राटदाराच्या शिरावर जातो. तरीही कामाचा हेतु काय, तयार काम कोणत्या कसोटीवर तपासावयाचें, आणि जी माहिती कंत्राटदारास पडताळून पाहतांच येत नाहीं ती खरी कीं खोटी, एवढ्या गोष्टींचें उत्तर तेथेंही मालकासच द्यावें लागतें.

याचें आजचें मोठें उदाहरण वाशीच्या दक्षिणेस आहे. शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. मालक मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. कर्ज जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेचें. पुलाचें काम तीन भागांत विभागलें होतें. पहिला, सुमारें १०.४ किलोमीटरांचा भाग लार्सन अँड टुब्रो आणि जपानची आय. एच. आय. कंपनी यांनीं केला. दुसरा, सुमारें ७.८ किलोमीटरांचा, कोरियाची देवू आणि टाटा प्रोजेक्ट्स यांनीं. आणि जमिनीकडील तिसरा पुन्हां लार्सन अँड टुब्रोनें. आराखडा आणि बांधणी ही दोन्हीं कामें कंत्राटदारांकडेच होतीं.

तथापि कांहीं गोष्टी मालकावांचून कोणासही सांगतां येण्याजोग्या नव्हत्या. जहाजांस वाट कोठें मोकळी ठेवावयाची, समुद्रतळाशीं तेलाच्या नळ्या कोठून गेल्या आहेत, अणुसंशोधन केंद्राच्या बाजूस प्रवाशांच्या दृष्टीआड पडदा कोठें असावा, रोहित पक्ष्यांच्या चिखलभूमीजवळ आवाज कसा आंवरावा, या त्या गोष्टी होत. नळ्या आणि जहाजांची वाट यांवरून लांब गाळे टाकावे लागले, आणि पोलादी पृष्ठाच्या तुळयांनीं १८० मीटरपर्यंतचे गाळे साधले. गरज मालकानें सांगावी आणि उपाय कंत्राटदारानें शोधावा, ही वांटणी येथें स्पष्ट दिसते. शिवाय एकाचा भाग संपून दुसऱ्याचा सुरू होतो तेथें दोघांचीं मापें जुळलींच पाहिजेत. तो सांधा जुळविण्याचें कर्तव्य मालकाच्या पदरीं राहतें, कारण दोघांचेही करारनामे एकट्या त्याच्याच हातीं असतात.

कंत्राटदारानें आराखड्याची हमी घेतली म्हणजे ती किती खोल जाते, हें इंग्लंड आणि स्कॉटलंड यांमधील सॉल्वे फर्थच्या समुद्रांत दिसून आलें. तेथें रॉबिन रिग येथील पवनचक्क्यांचे पाये एम. टी. होइगार्ड या डॅनिश कंपनीनें आंखले आणि बसविले. पाळावयाचें प्रमाणपुस्तक मालक ई-ऑन यानें करारांतच नेमून दिलें होतें. त्या पुस्तकांतील एका सूत्रांत सुमारें दसपटीची चूक होती. कंपनीनें पुस्तक पाळलें; सांधे मात्र सरकूं लागले. दुरुस्तीचा खर्च २ कोटी ६२ लाख ५० हजार युरो ठरला. पाये वीस वर्षें टिकतील असा आराखडा करण्याचें वचन करारांतील तांत्रिक अटींत एका कोपऱ्यांत होतें. त्या वचनावर बोट ठेवून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खर्च कंपनीवरच घातला.

येथें वैद्य आणि शिंपी यांतील भेद आठवतो. वैद्यानें निष्ठेनें उपचार केला म्हणजे त्याचें कर्तव्य झालें; गुण आलाच पाहिजे अशी हमी तो देत नाहीं. पण ज्याच्या मापानें कोट शिवला त्याच्या अंगास तो बसला नाहीं, तर शिंप्याची मेहनत कोणी विचारीत नाहीं. सल्लागार इंजिनियर बहुधा वैद्यासारखा बांधलेला असतो, आणि आराखड्यासह काम घेणारा कंत्राटदार पुष्कळदां शिंप्यासारखा. सही करण्यापूर्वीं आपण या दोहोंपैकीं कोण, हें प्रत्येकानें ओळखिलें पाहिजे.

जमिनीखालच्या गोष्टींस मात्र हा न्याय जसाच्या तसा लावून चालत नाहीं. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेसाठीं ठाण्याच्या खाडीखालून सुमारें सात किलोमीटर बोगदा योजिला आहे. अशा कामांत खडक कोठें फुटका निघेल हें निविदेच्या थोड्या दिवसांत कोण सांगणार? म्हणून फिडिकनें २०१९ सालीं भुयारी कामांसाठीं पाचूच्या रंगाचें स्वतंत्र पुस्तक काढलें. भूमि कशी असेल याची एक मूळ नोंद करारासच जोडावयाची. प्रत्यक्षांत ती त्याहून वाईट निघाली, तर वाढीव भार मालकानें सोसावयाचा, असा त्याचा आशय आहे.

यांतून निघणारा नियम साधा आहे. ज्यास जें कळूं शकतें आणि ज्याच्या हातीं जें आंवरण्याची शक्ति आहे, त्यानेंच त्याचें उत्तर द्यावें. हेतु, जागा, भूमि आणि सांधे मालकाचे. उपाय, हिशेब आणि कारागिरी कंत्राटदाराची. मालकानें सगळा भार दुसऱ्यावर लोटला तर कंत्राटदार भीतीची किंमत निविदेंत मिळवितो, किंवा ती न मिळवितां काम घेऊन अर्ध्यावर बुडतो. दोन्ही प्रकारीं पैसा अखेर करदात्याचाच जातो. आणि आराखडा दुसऱ्याकडे सोंपविला म्हणून मालकानें आपला जाणता इंजिनियर घरीं बसवूं नये. ज्यास नकाशा वाचतां येत नाहीं, त्यास चूक दिसेपर्यंत पूल उभा राहून गेलेला असतो.

रोज सकाळीं वाशीहून खाडी ओलांडून कामावर जाणारीं सहस्रावधि माणसें करारनामा वाचीत नाहींत. त्यांनीं तो वाचावा अशी अपेक्षाही नाहीं. ज्यांनीं त्यावर सह्या केल्या, त्यांनीं तो पहिला खांब रोंवण्यापूर्वीं नीट वाचलेला असावा, एवढीच त्यांची रास्त मागणी आहे.