छातीतली कळ आणि ताटातला गहू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आरोग्यावर बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही. सिलिॲक नावाचा पोटाचा विकार, त्याच्या जोडीला आम्लपित्त आणि वरचेवर छातीत उठणारी कळ, या तिघांना सांभाळून संसार करणारी मी एक बाई आहे. तेव्हा जे भोगले आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतले, तेवढेच सांगते.

छातीत दुखते असे बाईने म्हटले की घरात दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. एक, "गॅस झाला असेल, ओवा चावून खा." दुसरे, "गाडी काढा, आत्ताच्या आत्ता चला." दोन्हींचा मला भरपूर अनुभव आहे. कार्डिओग्राम काढला की तो चांगला येई. पंधरा दिवसांनी कळ पुन्हा उठे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात, आणि "हिच्या मनाचेच आहे" हे वाक्य कोणी न बोलताही ऐकू येते. दुखण्यापेक्षा ते जास्त लागते.

पुढे एका डॉक्टरांनी नुसत्या बोटाने दाबून पाहिले. छातीच्या मधल्या हाडाला बरगड्या थेट जोडलेल्या नसतात, मध्ये कूर्चेचा म्हणजे मऊ हाडाचा सांधा असतो. तिथे दाह होतो. नाव मोठे अवघड आहे, कॉस्टोकॉन्ड्रायटिस. पाण्याचा हंडा उचलताना, कूस बदलताना, शिंक आली की, खोल श्वास घेतला की कळ येते आणि जागा बोट ठेवून दाखवता येते. आठवडे, कधी महिने राहते, जाते, पुन्हा येते. जिवाला धोका नसतो. आम्लपित्ताची तऱ्हा निराळी. जेवण झाल्यावर ओणवे झाले किंवा लगेच आडवे पडले की जळजळ पोटाकडून गळ्याकडे चढते आणि तोंडाला आंबट पाणी सुटते. रोवणीच्या दिवसांत भाकरी खाऊन लगेच बांधीत वाकणाऱ्या बायांना हे निराळे सांगायला नको.

पण दाबून दुखले म्हणजे हृदय ठीक, असा निवाडा घरी बसून कोणी करू नये. तो कार्डिओग्राम पाहून डॉक्टरांनी करायचा. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते अवघे ४४ वर्षांचे होते. त्यावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले, ते पुष्कळ घरांत आहे. बायकांच्या बाबतीत तर कधी छातीत फारसे दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळते, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे होते. अशा वेळी ओवा नको, १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. ज्यांना तो आजार आहे त्यांच्या छातीत दुखून ताप आला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये.

आता माझे तीन पाहुणे एकमेकांत कसे गुंतले आहेत ते पाहा. बरगडी दुखते म्हणून दुखण्याची गोळी घ्यावी, तर ती जठराला झोंबते आणि आम्लपित्त उसळते. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षे घ्यावी, तर हाडांवर परिणाम होऊ शकतो असे डॉक्टर सांगतात. आणि हाडांची तक्रार तर मुळात सिलिॲकपायीच. म्हणून मी आधी शेक घेते, जड उचलणे थांबवते, रात्रीचे जेवण लवकर उरकते आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवते. गोळी त्यानंतर, तीही विचारून.

सिलिॲक म्हणजे काय? गव्हाच्या कणकेला जो चिकटपणा येतो तो ग्लुटेन नावाच्या द्रव्यामुळे. जवातही त्याचाच भाऊबंद असतो. काहींच्या शरीराला ते सोसत नाही. लहान आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडून जाते. मग लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही. रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, मऊही पडतात, आणि त्यात बरगड्याही आल्या. विलेम डिके नावाच्या डच बालवैद्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि लोक उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. औषध आजही तेच, गहू आणि जव जन्मभर बंद. चिमूटभरही नाही.

तुम्ही म्हणाल, आपला तर भाताचा मुलूख, तुम्हाला काय अडचण? खरे आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी तांदूळ, ज्वारीची भाकरी, वरण, झुणका, अनारसे हे सगळे मला चालते. पण पोळी घरोघर आली आहे, रेशनवर गहू मिळतो, आणि पाहुण्याला भाकरी वाढणे कमीपणाचे वाटू लागले आहे. शिवाय गहू लपून येतो. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी मला बाधते, म्हणून मी तांदूळ-ज्वारी घरच्या घरघंटीवर दळते. प्रसादाचा शिरा रव्याचा. तो नाकारला की देवाचा अपमान केल्यासारखे लोक बघतात. मी हात जोडते आणि पुढे सरकते.

बाईने आपले दुखणे बोलू नये ही आपल्याकडची रीत जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांना तपासून १९८९ साली लिहिले की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्यासाठी आधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. तो विषय वेगळा, पण न बोलणे तेच. दुखते कुठे, केव्हा, काय केले की वाढते, हे मी एका वहीत लिहून ठेवते आणि ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवते. मग कोणी मनाचे खेळ म्हणत नाही.

एक सूचना राहिली. मुलाची वाढ खुंटली असेल, रक्त सारखे कमी येत असेल, पोट बिघडलेले असेल, तर सिलिॲकची रक्ततपासणी करून घ्यावी. सख्ख्या नात्यात आजार असेल तर जरूर घ्यावी, कारण अशा घरांत दर दहांत साधारण एकाला तो निघतो. मात्र तपासणीच्या आधी गहू बंद करू नये, नाहीतर आजार असून दिसत नाही.

पोळ्याला आमच्या जाऊबाई आता माझ्यासाठी पुरण शिजवून वेगळे काढून ठेवतात, कणकेचे हात लागण्याआधी. कटाच्या आमटीत हिंग घालत नाहीत. पुरण वाटीत वाढतात आणि तूप मात्र पोळीवाल्यांपेक्षा जास्त.