नांव नसलेला राक्षस

'फ्रँकेन्स्टाइन' हा शब्द कानीं पडला कीं चौकोनी कपाळाचा, मानेंत खिळे असलेला एक मुका राक्षस डोळ्यांपुढें उभा राहतो. हें रूप १९३१ सालच्या बोलपटानें रूढ केलें. मूळ कादंबरींत मात्र फ्रँकेन्स्टाइन हें राक्षसाचें नांवच नव्हे. तें त्याला घडविणाऱ्या तरुणाचें आडनांव. राक्षसाला जन्म मिळाला, पण त्याचें बारसें कोणीं केलें नाहीं.

मेरी शेलीनें ही कथा १८१६ च्या उन्हाळ्यांत जिनीव्हाच्या सरोवराकाठीं लिहावयास घेतली. बाहेर पाऊस हटत नव्हता, म्हणून प्रत्येकानें एक भुताची गोष्ट लिहावी अशी टूम कवि बायरननें काढली. मेरी तेव्हां अठरा वर्षांची होती. १८१८ सालीं लंडनमध्यें पुस्तक निघालें, तेंहि लेखिकेच्या नांवावांचून. तिची आई तिला जन्म दिल्यावर थोड्याच दिवसांत वारली होती. १८१४ मध्यें तिनें कवि शेलीबरोबर घर सोडल्यावर बापानें तिच्याशीं बोलणें टाकलें होतें. पोरकेपण तिला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

कथेंतला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन सुमारें दोन वर्षें खपून मृतांच्या अवयवांचा एक देह जुळवितो. त्या देहानें डोळे उघडतांच व्हिक्टरला किळस येते आणि तो पळतो. रात्रीं तो नवजात जीव त्याच्या पलंगाचा पडदा सारून उभा राहतो, हास्यासारखें कांहीं करतो, हात पुढें करतो. निर्माता पुन्हां पळतो. या घटकेपर्यंत त्या जीवानें एकहि अपराध केलेला नाहीं. नकार आधीं आला, गुन्हा मागून; हा क्रम ध्यानांत धरावा.

पुढची कहाणी लेखिका राक्षसाच्याच तोंडून, आणि चांगल्या नागर भाषेंत वदविते. एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटांत तो लपून राहतो. फटींतून पाहत, ऐकत बोलणें शिकतो. या माणसांना अन्न पुरत नाहीं हें उमगतांच तो त्यांचें चोरून खाणें सोडतो आणि रात्रीं जळण आणून त्यांच्या दारीं टाकतो. शेवटीं धीर करून तो घरांतल्या वृद्ध द लेसीपुढें जाऊन बसतो. द लेसी आंधळा आहे, म्हणूनच तो त्याच्याशीं मायेनें बोलतो. इतक्यांत डोळस मंडळी परततात आणि मुलगा फेलिक्स त्याला काठीनें झोडपतो. पुढें तो एका बुडत्या मुलीला वांचवितो, तेव्हां बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी मिळते.

आपल्या कथांतल्या राक्षसाला निदान कुळ असतें, भाऊबंद असतात. याला तेंहि नाहीं. म्हणून तो व्हिक्टरजवळ आपल्यासारखीच एक सहचरी मागतो. व्हिक्टर वचन देतो, आणि अर्धवट घडविलेला तो देह त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो.

मग त्याला निर्दोष म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. विल्यम हें लहान मूल त्यानें मारलें. निरपराध जस्टिन त्यापायीं फांसावर गेली. पुढें मित्र क्लेरव्हल आणि नववधू एलिझाबेथ यांचाहि बळी पडला. दुःख हें गुन्ह्याचें कारण होईल, क्षमापत्र होणार नाहीं. परंतु एक भेद पाहा. उत्तर ध्रुवाकडील बर्फांत मरतांना व्हिक्टरला स्वतःचें वर्तन दोषास्पद वाटत नाहीं. त्याच्या प्रेतापाशीं रडणारा राक्षस मात्र स्वतःला क्षमा करीत नाहीं.

पुस्तक हातीं आल्यास द लेसीच्या घराचा भाग सावकाश वाचावा. दार उघडून आंत येतांच आपल्या आंधळ्या बापाच्या पायांना असा कोणी बिलगलेला दिसला असतां, तर आपण काठी उचलली नसती, असें छातीठोकपणें सांगणारा वाचक मला अजून भेटावयाचा आहे. मलाहि तें सांगतां येत नाहीं.